बारीक आवाजाचे पक्षी

अनुष्का बांधावरून धावत येताना दिसली तेव्हा गुरुदत्तला आधी वाटलं, तिला साप दिसला असेल. मे महिन्याच्या अखेरीला मिठागरात सापाचं काही नवल नव्हतं. पण ती त्याच्याकडे येतच नव्हती. ती त्याच्या पलीकडे, तिवरांच्या कडेने लावलेल्या जाळ्याकडे चालली होती. जाताजाता तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली, जाळ्याच्या सगळ्यांत खालच्या झोळीत तिने दोन्ही हात घातले, आणि मग गुरुदत्तला दिसलं की तिथे अंगठ्याएवढा एक पक्षी अडकलेला आहे. तिवराच्या फांदीची सावली त्याच्यावरून केव्हाच सरकून गेली होती. पक्षी चोच उघडत होता आणि मिटत होता. पुन्हा उघडत होता, मिटत होता. गुरुदत्त त्याच्यापासून इतक्या जवळ घडीच्या स्टुलावर बसला होता की काठी लांब केली असती तर जाळ्याला लागली असती. आणि सकाळ अगदी शांत होती.

"सर, तुम्ही इथेच होतात?" अनुष्काने विचारलं. आता ती समोर होती, त्यामुळे कळलं.

"फोन आला होता," गुरुदत्त म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खिशातला फोन त्याने चाचपूनही पाहिला.

ती शिंजिराची मादी होती. वर करडी, पोटाशी पिवळसर, बाकदार चोच. अनुष्काने तिला पिशवीत घातलंच नाही. तळहातावर घेऊन तिने बाटलीच्या झाकणातलं साखरेचं पाणी बोटाने चोचीच्या टोकाला लावलं. पक्ष्याने जीभ बाहेर काढली, ती दोऱ्यासारखी दिसली आणि आत गेली. मग पुन्हा आली नाही. अनुष्का तशीच ऊन पाठीवर घेत, त्या हातावर सावली धरून बसली. थोड्या वेळाने तिने बोटाने त्या पक्ष्याची मान जराशी हलवून पाहिली आणि ती जिकडे हलवली तिकडेच राहिली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "ऊन इतक्या लवकर चढेल असं वाटलं नव्हतं. तिकडे दुसऱ्या बांधावर मला ऐकू येत होता केव्हापासून, पण म्हटलं, सर तिथेच आहेत."

दुसऱ्या बांधावर, हा विचार गुरुदत्तच्या मनात एखाद्या कारकुनाने नोंद करावी तसा शांतपणे उमटला. दुसऱ्या बांधावर ऐकू येत होता.

पनवेलच्या खाडीकाठचं हे मिठागर दाजींचं. दर उन्हाळ्यात, मीठ निघून गेलं की काही सकाळी दाजी ते अनुष्काच्या संस्थेला वापरायला देत. पहाटे बारीक दोऱ्याची जाळी लावायची, सापडलेले पक्षी हलक्या हाताने सोडवायचे, पायात अॅल्युमिनियमची नंबर असलेली कडी घालायची, पंख मोजायचे, वजन करायचं आणि सोडून द्यायचं. हिवाळी पाहुणे केव्हाच उत्तरेला गेलेले असत. उरलेले सगळे इथले, आणि काही त्या वर्षी परत न गेलेले. गुरुदत्त सबनीसला या कामात सगळे मान देत, तो त्याच्या कानासाठी. बाकीचे लोक ठरलेल्या वेळी उठून जाळ्यांची फेरी मारत. गुरुदत्त बांधावर बसून राही. जाळ्यात काही पडलं की ते ओरडतं, आणि ओरडलं की गुरुदत्त बसल्या जागी सांगे, कोण पडलं आणि कुठल्या जाळ्यात. नव्या येणाऱ्यांना अनुष्का हे जादूचा खेळ दाखवावा तसं दाखवी. सरांना विचारा. डोळे मिटून विचारा. गुरुदत्तला ते आवडे. गुडघे दुखू लागल्यापासून तर जास्तच आवडे.

सुकापूरच्या घरी परतताना त्याने गाडीच्या काचा खाली केल्या. एरवी तो त्या बंद ठेवी. बाहेरचं सगळं त्याला ऐकू येत होतं, ट्रकचे ब्रेक, कलिंगडवाल्याचा भोंगा, पुलाखाली कोणीतरी पत्रा ओढत होतं तो आवाज. काहीही कमी नव्हतं. जग भरलेलंच होतं. मग त्याच्या लक्षात आलं की जे नाहीसं झालं असेल त्याची जागा रिकामी दिसण्याचं काही कारणच नाही. दात पडला की जीभ तिथे जाते. कान कुठे जाणार? सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याला त्याच्या वडिलांची आठवण झाली, आणि ती बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. वडील पेणला बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. पेटी उघडून आतल्या पितळी पट्ट्या ते एकेक वाजवत आणि लहानग्या गुरुदत्तला पाठ करून बसायला लावत. सांग, कुठला उतरलाय? तो सांगे. वडील कानस घेत, पट्टीच्या टोकाला जरासं घासत, पुन्हा वाजवत. आता? आता चढला. थोडासा. बाबा, थोडासाच. तो थोडासा नेमका किती हे त्या दोघांनाच कळे, आणि घरातली बाकीची माणसं त्या दोघांना हसत. पुढे तळोज्याच्या एका कारखान्यात गुरुदत्तने कॉम्प्रेसर हाऊसमध्ये तीस-एक वर्षं काढली. तिथेही तो दारातूनच सांगे, तीन नंबरचं बेअरिंग जाणार आहे. कानात घालायचे बोळे कंपनी देई, ते त्याने कधी घातले नाहीत. घातले असते तर बेअरिंग कसं ऐकलं असतं?

आणि वडील शेवटी बहिरे झाले होते. हे त्याला आत्ता, सिग्नलला, काहीतरी नवीन कळावं तसं आठवलं. ते कधी 'ऐकू येत नाही' असं म्हणाले नाहीत. ते मान हलवत आणि हसत. बरोबर आहे, म्हणत. छान, म्हणत. एकदा त्यांचे जुने गिऱ्हाईक, एक भजनीबुवा, भेटायला आले आणि बायको गेल्याचं सांगू लागले. वडील हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वा वा, छान झालं." बुवा पाणी न पिता उठून गेले. गुरुदत्त तेव्हा तिशीत असेल. तो वडिलांवर ओरडला होता, आणि वडील त्याच्याकडेही तसेच हसत पाहत राहिले होते. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. हॉर्न जाड आवाजाचा होता. ऐकू आला.

सुमती स्वयंपाकघरात होती. त्याने बूट काढले, हात धुतले आणि बाहेरच्या खोलीत बसून फोनवर शिंजिराच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. ते त्यानेच कधीतरी रोडपालीच्या तळ्याकाठी केलं होतं. पडद्यावर एक हिरवी रेघ असते, आवाज आला की ती उडते. रेघ उडत होती. भराभरा, टोकदार, एकामागून एक. फोन त्याने कानाशी धरला तेव्हा आवाजाची एक खूण लागली, सुई कापडाखालून जाताना लागावी तशी, आणि तीही पुढच्या क्षणी खरी वाटेना. त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि फोन टेबलावर ठेवून त्या उडणाऱ्या रेघेकडे बघत बसला.

सुमती दारात आली. हातात झारा. "अहो, काय किरकिर लावलीय? कानात जातंय."

"तुला येतंय ऐकू?"

"शेजारच्यांनाही येत असेल. बंद करा ना."

त्याने बंद केलं. रेघ आडवी झाली. सुमती तिथेच उभी राहिली. ती नव्या पनवेलच्या एका शाळेत प्राथमिकला शिकवून निवृत्त झाली होती. कोणी गप्प बसलं की ते का गप्प बसलं हे कळेपर्यंत समोरून न हलण्याची तिची जुनी सवय.

"तुम्हाला आला नाही," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"थोडा आला."

"बरं."

"तुला माहीत होतं?"

"दोनेक वर्षं झाली की. कुकरची शिट्टी येते तुम्हाला, पण मिक्सर चालू असताना मी काही बोलले की तुम्ही 'हो' म्हणता. कशालाही हो म्हणता. एकदा मी मुद्दाम म्हटलं, मी घर सोडून चाललेय. हो म्हणालात."

"मग सांगितलं का नाहीस?"

सुमतीने झारा दुसऱ्या हातात घेतला. "त्याआधी कान चांगले होते तेव्हाही तुम्ही असंच 'हो' म्हणायचात. मला फरक कळायलाच थोडे दिवस गेले."

ती हे रागाने म्हणाली नाही, थट्टेनेही नाही. कढईतलं जळेल म्हणून आत गेली. गुरुदत्त तिच्या आवाजाबद्दल विचार करत राहिला. लग्न झालं तेव्हा तिचा आवाज वर होता, मुलांना कवायत शिकवण्याचा. स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून, जिन्यातून ती बोलत असे, आणि त्याला तो आवाज घरभर सांडल्यासारखा वाटे. अलीकडे तसं होत नव्हतं. अलीकडे ती जवळ येऊन, समोर उभी राहून, खालच्या पट्टीत, सावकाश बोले. वय झालं, निवळली, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. त्याला ते बरंही वाटलं होतं. जेवताना त्याने विचारलं, "तुझा आवाज असा कधी झाला?"

"झाला नाही," सुमती म्हणाली. "केला."

त्या आठवड्यात तो नेहमीसारखाच वागला. सकाळी चालायला गेला, दूध आणलं, बँकेत गेला. सुमतीने खांदा कॉलनीतल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि तो तिच्यामागोमाग गेला. काचेच्या खोलीत त्याच्या कानावर यंत्र लावून त्याला हातात एक बटन दिलं. आवाज आला की दाबा. तो दाबत राहिला, मग दाबायचं काही उरलं नाही, आणि काचेपलीकडची मुलगी मात्र अजून हातातलं चक्र फिरवत होती, बराच वेळ फिरवत होती. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. ती पठारासारखी चालत येऊन एकदम दरीत उतरत होती. मशीनने माणसांचं बोलणं स्पष्ट होईल, ते म्हणाले. पण ह्या बारीक आवाजांच्या टोकाला मशीनचाही उपयोग नाही. "तिथे तसं ऐकण्यासारखं काही नसतं म्हणा," असंही ते म्हणाले. सुमतीने गुरुदत्तकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

त्या दरीत काय काय होतं हे त्याला दोनतीन दिवसांनी कळलं, आणि ते कळलं तेव्हा तो गॅलरीत नुसता उभा होता. प्रबळगडावर धूर दिसत होता, कोणीतरी गवत पेटवलं असावं. दोन वर्षांपूर्वी त्याने एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला होता. पनवेलचे लहान पक्षी कुठे गेले? शिंजीर गेले, फुलटोचे गेले, चष्मेवाले गेले, गवतातले वटवटे गेले. सगळीकडे भराव पडतोय, रात्रभर दिवे जळताहेत, झुडपं उपटली जाताहेत, मग लहान जिवांनी जायचं कुठे? लेख मनापासून लिहिला होता. लिहिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत सहसा पाणी येत नसे. ओव्यापासून उरणपर्यंतच्या लोकांचे फोन आले. ज्येष्ठ नागरिक संघात त्याने भाषण केलं, एका बाईंनी नंतर त्याचा हात हातात घेतला. आणि त्या लेखातले सगळे पक्षी आता त्याच्यासमोर एका रांगेत उभे राहिले तेव्हा त्याला दिसलं की ते सगळे बारीक आवाजाचे होते. जाड आवाजाचं कोणीच गेलं नव्हतं. भारद्वाज होता, कोकीळ होता, तांबट होता, कावळे तर होतेच. भराव टाकणाऱ्यांनी आवाज बघून पक्षी हाकलले होते की काय?

त्याला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. दोन वर्षं तो ज्यांचं सुतक पाळत होता ते सगळे इथेच होते. लेख छापून आला त्या सकाळी सुमतीने तो वाचला होता आणि म्हणाली होती, "पण आपल्या जास्वंदीवर तर रोज येतो की तो." तेव्हा गुरुदत्तने वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हटलं होतं, "तो वेगळा." कुठला वेगळा? त्याने जास्वंदीकडे पाहिलंही नव्हतं. त्याला बघावं लागत नसे, ऐकू येत असे ना.

आणि प्रश्न लेखाचा नव्हता. लेख रद्दीत गेला. पण त्या लेखानंतर अनुष्काने त्याला मिठागरावरच्या पक्ष्यांची मोजणी दिली होती. पहाटे ठराविक जागी उभं राहायचं, कानावर येतील ते पक्षी मोजायचे. दर महिन्याला तो मोजून देई आणि दर महिन्याला लहान पक्षी घटत. अनुष्काच्या अहवालाचा कणा तोच होता. शेजारच्या मिठागरावर भराव पडल्यापासून या मिठागरावरचे लहान पक्षी घटत गेले, तेव्हा आणखी भराव थांबवा. जूनमध्ये अहवाल वर जायचा होता. गुरुदत्तने हे सगळं गॅलरीच्या कठड्याला टेकून नीट मांडून पाहिलं. आपण गप्प राहिलो तर अहवाल जाईल, आणि कदाचित मिठागर वाचेल. बोललो तर अहवालात काही उरणार नाही. म्हणजे जे खोटं आहे ते पक्ष्यांच्या भल्याचं आहे. हे त्याला इतकं सोयीचं वाटलं की तो जरा सावध झाला. तरी त्याने ठरवलं ते गप्प राहायचंच. गुडघ्यांचं कारण सांगून मोजणीतून अंग काढून घ्यायचं. कोणाला वाईट वाटायला नको. वडील हसून मान हलवत तेव्हा त्यांनाही असंच वाटत असेल का, की आपण हे दुसऱ्यांसाठी करतोय?

पुढच्या सकाळी जाळी गुंडाळून झाल्यावर सगळे दाजींच्या शेडमध्ये चहाला बसले. दाजी मिठाचा धंदा केव्हाच खंडाने दुसऱ्याला देऊन बसलेले. ओव्याला त्यांच्या दोन इमारती उभ्या होत्या, पांढरी मोठी गाडी होती, पण मिठागरावर सकाळची चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या कानामागे पिवळट रंगाचं मशीन होतं. ते चहा पिताना बराच वेळ गुरुदत्तकडे बघत होते, आणि मग मोठ्याने म्हणाले, "सायेब, तुमी पन आता मशीन घ्या."

"कसलं मशीन?"

"कानाचा, दुसरा कसला!" दाजींनी स्वतःचं काढून तळहातावर ठेवून दाखवलं. ते बारीक शीळ घालत असावं, कारण अनुष्काने तोंड वाकडं केलं. "माजी मंडली बोंबलून बोंबलून दमली, तवा घेतला. त्याच्या आदी मी पन तुमच्यावानीच लोकांच्या तोंडाकडं बगत बसायचो. यात लाजायचा काय हाय?"

अनुष्का खळखळून हसली. "दाजी, काय बोलताय! सरांचा कान? पनवेलमध्ये एवढा कान कोणाकडे नाही. विचारा कोणालाही."

संस्थेचे बाकी दोघेही हसले. गुरुदत्तला कळलं की हे इथेच संपलं आहे. त्याने नुसतं हसायचं होतं. चहाचा ग्लास हातात गरम होता, शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता त्याच्या नखांचा आवाज येत होता, आणि अनुष्का त्याच्याकडे अभिमानाने पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर आता काय आहे ते पुन्हा कधी दिसणार नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तसा म्हणाला, "दाजी म्हणतात ते बरोबर आहे."

"काय?"

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्या दिवशी फोन आला नव्हता. मी तिथेच होतो. ती शिंजिराची मादी ओरडत असणार, मला ऐकू आली नाही."

अनुष्काचं हसू लगेच गेलं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर कोणीतरी विसरून ठेवल्यासारखं थोडा वेळ राहिलं. "कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं तरी. जास्तही असेल."

"म्हणजे मोजणी..."

"हो. मोजणी सगळी तशीच."

ती उठली आणि शेडच्या बाहेर गेली. बांधावर पाठमोरी उभी राहिली. दाजींनी मशीन कानात परत बसवलं आणि विचारलं, "काय झाला?" कोणी सांगेना म्हणून गुरुदत्तनेच सांगितलं, की आम्ही म्हणत होतो लहान पाखरं संपत चालली, तर ती संपलेली नाहीत.

"म्हंजी पाखरा हायत?"

"आहेत."

"मंग चांगलाच झाला की!" दाजी म्हणाले. "रडताव कशाला?"

अनुष्का परत आली तेव्हा ती रडत नव्हती. ती गुरुदत्तसमोर उभी राहिली. तिचा आवाज वर चढला होता आणि त्यामुळे काही शब्दांची टोकं तुटून येत होती. "जाळ्यात शिंजीर सापडत होते, सर. चष्मेवाले सापडत होते. मला दिसत होतं. मी म्हटलं, उरलेसुरले असतील, कारण सर म्हणताहेत घटलेत. मी एकदाही तुमच्याशेजारी उभं राहून मोजलं नाही. का, तर ते तुमचं मोजणं होतं." ती थांबली. "तुम्हाला एकदाही शंका आली नाही?"

हा प्रश्न तिने रागाने विचारला होता, पण गुरुदत्त त्याचा खरोखरच विचार करू लागला. आली होती का? एखाद्या पहाटे, बांधावर उभं असताना, समोरच्या तिवराची डहाळी हललेली त्याने पाहिली होती. तिथे कोणीतरी लहानसं होतं हे उघड होतं, आणि आवाज नव्हता. तेव्हा त्याने काय केलं होतं? तो डोळे मिटून घेई. डोळे मिटले की नीट ऐकू येतं, अशी त्याची पहिल्यापासूनची पद्धत होती. ती पद्धतच होती, की दुसरं काही?

"आली असेल," तो म्हणाला. "मी डोळे मिटून घ्यायचो."

अनुष्काने सामान गाडीत भरलं. निघताना तिने दाजींना नमस्कार केला आणि गुरुदत्तला केला नाही.

अहवालातून मोजणीचं ते प्रकरण काढलं गेलं. हे त्याला तिच्या एका छोट्या, कोरड्या निरोपातून कळलं. बाकीचा अहवाल जसा होता तसा वर जाणार होता आणि त्यावर काय होईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. गुरुदत्तने दैनिकाच्या संपादकांना फोन करून आपल्या जुन्या लेखात चूक होती, खुलासा छापता येईल का, असं विचारलं. पलीकडचा माणूस नवीन होता. कुठला लेख, असं त्याने दोनदा विचारलं, मग म्हणाला, पक्षी आहेत ही काही बातमी होत नाही हो, काका. कानात मशीन आलं. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचं पान उलटताना ते फाटतंय असं वाटलं. सुमतीच्या बांगड्या ऐकू आल्या. ती जेवताना पुटपुटते हे कळलं. त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुटपुटत नाही, तुमच्याशीच बोलत असते." आणि मग शाळेतल्या एका मैत्रिणीची लांबलचक हकीकत तिने सांगितली, तिची सून, तिचं ऑपरेशन, त्या सुनेच्या माहेरचे लोक. गुरुदत्तने ती शेवटपर्यंत ऐकली. ती कंटाळवाणी होती. तो 'हो' म्हणाला नाही, मध्येच त्याने विचारलं, "मग ऑपरेशनचं कोणी बघितलं?" सुमतीने हातातला घास तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिलं, आणि सांगितलं.

अनुष्काचा फोन आला तेव्हा महिना बदलला होता आणि आभाळ रोज दुपारी भरून येऊन तसंच परत जात होतं. "उद्या या हंगामाची शेवटची जाळी आहेत," ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज सपाट होता. "माणूस कमी पडतंय. येणार असाल तर या. पण स्टूल आणायचं नाही. सगळ्यांसारखी फेरी मारायची."

"येतो," गुरुदत्त म्हणाला.

तो फेऱ्या मारत राहिला. बांध निसरडे नव्हते, पण भेगाळलेले होते आणि प्रत्येक फेरीला गुडघा कुरकुरे. जाळ्याच्या प्रत्येक झोळीत वाकून बघायचं, पुढे जायचं. बघत चालायला लागल्यावर त्याला या मिठागरात कितीतरी गोष्टी दिसल्या, ज्या त्याने इतकी वर्षं इथे येऊन पाहिल्या नव्हत्या. तिवराच्या पानांवर मिठाचे कण साचलेले होते. खेकड्यांच्या बिळांपाशी मातीच्या गोळ्यांची नक्षी होती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला, दुसऱ्या जाळ्याच्या मधल्या झोळीत, हिरवट पिवळं काहीतरी लोंबत होतं. डोळ्याभोवती पांढरं कडं. चष्मेवाला. लेखात त्याने ह्याच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता.

त्याने पायाकडून सुरुवात केली, शिकवलं होतं तशी. मग पंखावरचा दोरा, मग मानेवरचा. पक्षी मोकळा झाला आणि त्याच्या मुठीत आला, मान त्याच्या दोन बोटांच्या मधून बाहेर. चोच उघडली, मिटली. आवाज नव्हता, मशीन असूनही नव्हता. पण चोच उघडली की बोटांच्या आत काहीतरी थरथरे, आणि मिटली की थांबे. पुन्हा उघडली, पुन्हा थरथर. गुरुदत्त बांधावर उभा राहिला. हृदयाचे ठोके वेगळे होते, ते सारखे चालू होते. हे त्यांच्यावरून वेगळं, तुटक येत होतं.

"सर, किती ओरडतोय तो!" टेबलापासून अनुष्काने हाक दिली. "लवकर आणा."

"हो, ओरडतोय," गुरुदत्त म्हणाला, आणि निघाला.

कडी घातली, पंख मोजला, वजन केलं. सगळं अनुष्काने केलं आणि तो बाजूला उभा राहिला. काम झाल्यावर तिने पक्षी त्याच्याकडे दिला नाही, स्वतःच हात उघडला. चष्मेवाला क्षणभर तिच्या तळहातावर बसून राहिला, सुटलो हे न कळल्यासारखा, आणि मग उडून समोरच्या तिवरात शिरला. तिथून तो काहीतरी म्हणाला असावा, कारण अनुष्काला एकदम हसू आलं आणि खुर्चीवर बसलेले दाजीसुद्धा कानामागे हात लावून तिकडे वळले.

"काय म्हणाला?" गुरुदत्तने विचारलं.

हे त्याने आजवर कोणाला विचारलं नव्हतं. विचारल्यावर तो जरा अवघडून उभा राहिला. अनुष्का त्याच्याकडे बघत राहिली, राग आवरायचा की सोडायचा हे न ठरल्यासारखी. मग तिने ओठांचा चंबू केला, आवाज शक्य तेवढा खाली आणला, घशातून, आणि तुटक तुटक काढून दाखवला. आवाज इतका भलता निघाला की बाकीच्यांनी माना खाली घातल्या, दाजी मोठ्याने हसले, पण ती थांबली नाही. लाल होत, पुन्हा एकदा, अगदी सावकाश तिने तो काढला.

चष्मेवाला तसा मुळीच बोलत नाही. पण गुरुदत्तला ते नीट ऐकू आलं.